त्याच दिवशी खावयाचे अर्पण

शास्त्रपाठ : लेवीय ७:११-१८, उत्पत्ती २९:१५-३०, फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-१३



आपल्या मराठीत ‘दिवस काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आजारी मनुष्य दिवस काढतो, कैदी दिवस काढतो, परगावी नोकरीस गेलेला एकटा जीव दिवस काढतो. ज्या घरातील पती किंवा पत्नी वैद्यकीय शिक्षण घेत आहे, त्या घरीही हाच शब्द ऐकू येतो. “कसे चालले आहे?” असे विचारले, की उत्तर मिळते, “आणखी दीड वर्ष काढायचे आहे.” या उत्तरात तक्रार नसते, असलीच तर ती सवयीने बोथट झालेली असते. परंतु ज्या दिवसांविषयी आपण असे बोलतो ते दिवसही परमेश्वराने दिलेले आहेत, हे बोलताना आपल्या ध्यानात राहत नाही. ते माझ्याही ध्यानात राहिले नव्हते, आणि त्याच विषयावर आज आपणाबरोबर शास्त्राभ्यास करावा असे मनात आहे.

प्रथम हा काळ केवढा असतो ते पाहू. आपल्या देशात एमबीबीएसची साडेचार वर्षे, त्यानंतर इंटर्नशिपचे एक वर्ष. पुढे एमडी किंवा एमएस करावयाचे तर तीन वर्षे, आणि त्याहून पुढे विशेष शाखा घेतली तर आणखी तीन. ही बेरीज साडेअकरा वर्षांची होते. मधल्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेलेला काळ तीत धरलेला नाही, की मिशन रुग्णालयाने पाठविलेले असल्यास तेथील सेवेच्या कराराची वर्षेही धरलेली नाहीत. पुष्कळांचे विवाह याच काळाच्या मध्यावर होतात. लेकरे याच काळात जन्मतात, आणि आईवडील याच काळात म्हातारे होतात. एवढ्या वर्षांना ‘काढावयाचे दिवस’ म्हणणे म्हणजे तारुण्याचा मोठा भाग आयुष्यातून वजा करणे होय.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९८ साली माझ्या पत्नीस उत्तर भारतातील एका शहरी बालरोगशास्त्राच्या एमडीसाठी प्रवेश मिळाला. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. माझे ईश्वरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण संपून मी एका आदिवासी भाषेतील नव्या कराराच्या भाषांतराच्या कामास लागलो होतो. ते काम घरी बसून करता येण्याजोगे असल्याने पत्नीमागे पतीने जावे, असे आम्ही दोघांनी प्रार्थनापूर्वक ठरविले. नातलगांना हे फारसे रुचले नाही. “जावई काय करतात?” या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्या सासूबाईंची कशी तारांबळ उडे, हे मला ठाऊक होते.

आम्हांस दोन खोल्यांचे निवासस्थान मिळाले. मराठी बोलणारे आसपास कोणी नव्हते. सायंप्रार्थनेच्या वेळी कानी पडे तेवढीच मराठी. पत्नीची ड्युटी सकाळी सुरू होई ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर संपे. नवजात अर्भकांच्या कक्षातून ती घरी येई तेव्हा बोलण्याचे त्राण तिच्यात उरलेले नसे. ती जेवता जेवता झोपी गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी मला तिची कणव येत असे, असे लिहावयास मला आवडले असते. पण खरे सांगावयाचे तर मला रागच येत असे, आणि त्या रागाची मी एक वही केली होती. भाषांतराच्या टिपणवहीच्या शेवटच्या पानावर मी तारखा मांडीत असे : ती किती वाजता येते म्हणाली, किती वाजता आली, मुलीला ताप असताना रात्री कोण जागले, कोणता रविवार उपासनेविना गेला. हे पान तिने कधी पाहिले नाही.

त्याच सुमारास आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा मसुदा करीत होतो. प्रीती अपकारांची नोंद ठेवीत नाही, या अर्थाचे जे वाक्य पाचव्या वचनात आहे, त्यातील मूळ ग्रीक क्रियापद ‘लोगिझेताय’ हे हिशेबनिसाचे आहे. जमाखर्चाच्या वहीत रक्कम मांडण्यासाठी ते वापरीत. त्या आदिवासी भाषेत यास शब्द सापडेना. शेवटी आमच्या सहायकाने, जो आठवी शिकलेला शेतकरी होता, तोड काढली. त्यांच्या गावचा दुकानदार उधारीच्या रेघा खडूने भिंतीवर ओढीत असे. तो म्हणाला, “साहेब, असे लिहा : प्रीती भिंतीवर रेघा ओढत नाही.” आम्ही तसेच लिहिले. लिहिताना माझ्या हाताखालीच ते शेवटचे पान होते. वाचकहो, त्या क्षणी मी ते पान फाडून टाकले असे आपणांस वाटेल. मी ते फाडले नाही. आणखी दोन महिने मी त्यावर लिहीत राहिलो. वचन कळते आणि वळत नाही, या दोहोंमधील अंतर भाषांतरकारास इतरांहून कमी असते असे कोणी समजू नये.

आता लेवीयाच्या सातव्या अध्यायाकडे वळू. शांत्यर्पणाचे तेथे प्रकार सांगितले आहेत. कोणी नवस फेडण्यासाठी किंवा स्वखुशीने अर्पण केले, तर त्याचे मांस त्या दिवशी खावे व उरलेले दुसऱ्या दिवशीही खाण्यास मोकळीक होती (वचन १६). पण जे अर्पण उपकारस्तुतीसाठी आणलेले असे, त्याचा नियम निराळा होता. ते त्याच दिवशी खावयाचे. त्यातील काहीही सकाळपर्यंत राखून ठेवावयाचे नव्हते (वचन १५). नवसाच्या अर्पणास दोन दिवस आणि उपकारस्तुतीच्या अर्पणास एकच दिवस, हा भेद का? शास्त्रात कारण दिलेले नाही. तथापि रानातील मान्न्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. तोही दुसऱ्या दिवसासाठी ठेवला असता त्यात किडे पडत (निर्गम १६:२०). देवाच्या काही देणग्या साठविता येत नाहीत, आणि त्यांबद्दलची उपकारस्तुतीही साठविता येत नाही.

याच ठिकाणी माझी चूक होती. उपकारस्तुती मी उद्यावर टाकली होती. पत्नी उत्तीर्ण झाली म्हणजे आपण एक मोठी उपकारस्तुतीची प्रार्थनासभा घ्यावी, पाळकसाहेबांना बोलवावे, गावाकडच्या मंडळीला जेवण घालावे, असे बेत मी मनात रचीत असे. जणू तीन वर्षांचे सर्व मांस मी त्या एका दिवसासाठी राखून ठेवले होते; आणि ते घरात नासत होते.

‘उपकारस्तुती’साठी तेथे जो इब्री शब्द आहे, तो ‘तोदा’. त्याचे मूळ ‘यादा’ या धातूत आहे. या धातूचा अर्थ स्तुती करणे, उपकार मानणे असा होतो आणि पाप कबूल करणे असाही होतो. आखानास यहोशवाने बोलते केले, तेव्हा परमेश्वरास ‘तोदा’ देण्यास सांगितले (यहोशवा ७:१९). तेथे अर्थ उघडच कबुलीचा आहे. मराठीत आपणांस या एका शब्दासाठी दोन निरनिराळे शब्द योजावे लागतात, आणि दोन शब्द झाले की त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे वाटू लागते. इब्री माणसाला तसे वाटत नसावे. जे आहे ते आहे तसे देवासमोर बोलून दाखविणे, एवढेच तो करी. त्यात स्वतःचा दोषही येई व देवाचा चांगुलपणाही येई. माझ्या बाबतीत उपकारस्तुतीचा आरंभ कबुलीनेच झाला, पण त्यास एक मोठे दुःख कारण व्हावे लागले.

माझे वडील नगर जिल्ह्यातील आमच्या गावी असत. १९९९ च्या नाताळात त्यांनी आम्हांस बोलाविले होते. मी एसटीडी बूथवरून त्यांना सांगितले, “बाबा, एवढी परीक्षा होऊ द्या, मग महिनाभर येऊन राहतो.” ते म्हणाले, “बाळा, परीक्षा तिची आहे. तू आणि पोरगी तर येऊ शकता.” मी उत्तर टाळले. मुलीला घेऊन एकट्याने एवढा प्रवास नको, हे कारण मी सांगितले. खरे कारण हे होते की पत्नीवाचून गावी गेलो तर लोक काय म्हणतील याची मला लाज वाटे. २००० च्या फेब्रुवारीत वडील झोपेतच प्रभूकडे गेले. परीक्षेस तेव्हा एक वर्षाहून अधिक अवकाश होता.

मातीहून परत आल्यावर एके रात्री मी ते पान पत्नीपुढे ठेवले. तिने ते शेवटपर्यंत वाचले. “यात चुकीचे काही लिहिलेले नाही,” ती म्हणाली, “पण तुम्ही अर्धेच लिहिले आहे.” मग तिने सांगावयास सुरुवात केली. नवजात कक्षातील एका बाळाचे वजन एक किलोपेक्षा कमी होते व ते त्या आठवड्यात आईच्या कुशीत घरी गेले होते. एका रात्री तीन बाळे गेली, आणि पहाटे घराच्या पायऱ्या चढताना आमच्या खोलीतील दिवा दिसला म्हणून तिला वर येता आले. ज्या रात्री ती उशिरा आल्याची नोंद मी केली होती, त्यांतीलच ती एक रात्र होती. दिवा मी रागाने जागा राहून लावला होता, हे तिला माहीत नव्हते. ते मी तिला त्या रात्री सांगितले. तीही कबुलीच होती.

‘कृतज्ञ’ या आपल्या संस्कृतोद्भव शब्दाची फोड करून पाहा. कृत म्हणजे जे केलेले आहे ते, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. जे होणार आहे त्याचा या शब्दाशी संबंध नाही. होणाऱ्या गोष्टींसाठी आशा आहे, विश्वास आहे. कृतज्ञता झालेल्या गोष्टींसाठी आहे. म्हणून जो घरात काय झाले ते जाणत नाही, त्यास कृतज्ञ होता येत नाही, मग त्याचे मन कितीही चांगले असो. आम्ही त्यानंतर एक साधा क्रम ठेवला. ती ज्या वेळी घरी येई, सकाळ असो वा मध्यरात्र, त्या वेळी दोघांनी त्या दिवसातील एक गोष्ट एकमेकांस सांगावयाची आणि तीबद्दल लागलीच देवाचे उपकार मानावयाचे. दोन मिनिटे पुरत. कधी गोष्ट एवढीच असे, की भाजीवाल्याकडे मेथी मिळाली. कधी तीही नसे. मग तेही बोलून दाखवू, आणि आमेन म्हणू.

याकोबाची गोष्ट आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकली आहे. राहेलीसाठी त्याने सात वर्षे चाकरी केली आणि प्रीतीमुळे ती त्यास थोड्या दिवसांसारखी वाटली (उत्पत्ती २९:२०). विवाहाच्या उपदेशांत हे वचन हटकून येते. परंतु त्याच अध्यायात याकोबाच्या चाकरीची आणखी सात वर्षे आहेत, आणि त्यांवर उपदेश झालेला मी तरी ऐकलेला नाही. लेआचा विवाहसप्ताह संपताच लाबानाने राहेल त्याच्या स्वाधीन केली. पुढची सात वर्षे त्याने तिच्यासाठीच, पण ती घरात असताना चाकरी केली (वचने २८-३०). ती वर्षे थोड्या दिवसांसारखी गेली, असे शास्त्र म्हणत नाही. मिळावयाच्या गोष्टीसाठी झिजणे आणि मिळालेली गोष्ट जवळ असताना झिजणे यांत फरक आहे. पहिल्यात स्वप्नाचा आधार असतो. दुसऱ्यात स्वप्न संपलेले असते, माणूस समोर असतो, आणि दोघेही थकलेले असतात. वैद्यकीय शिक्षणाच्या काळातील विवाह हा बहुधा याकोबाच्या दुसऱ्या सात वर्षांतला असतो. त्या वर्षांविषयी शास्त्राने गोड शब्द वापरला नाही, याचा मला तरी दिलासा वाटतो.

याच संदर्भात महाराष्ट्रातील एका जोडप्याची आठवण होते. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघून अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. त्या १८८६ च्या मार्चमध्ये पदवीधर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई त्या समारंभास इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पत्नीने शिकावे हा ध्यास मुळात पती गोपाळराव यांचा. तो काळ पाहता त्यांचे धैर्य असामान्य होते. परंतु त्यांच्या पत्रांत कठोर शब्द पुष्कळ होते, आणि शिकणाऱ्या त्या मुलीस त्यांनी किती क्लेश झाले असतील, हे चरित्र वाचताना लपत नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्या हाती सोपविण्याचे ठरले होते. १८८७ च्या २६ फेब्रुवारीस, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्या पुण्यात वारल्या. त्या हिंदू म्हणून गेल्या व हिंदू म्हणूनच परतल्या. त्यांना आपल्या धर्माचा दाखला बनविण्याचा माझा हेतू नाही. पण ‘शिक्षण संपल्यावर’ नावाचा जो काळ त्या उभयतांनी डोळ्यांपुढे ठेवला होता, तो एक वर्षाचाही झाला नाही. त्यांच्या वाट्यास एकत्र शिक्षणाच्या ध्यासाचा काळच काय तो आला.

मात्र येथे एका गैरसमजापासून सावध राहावे. ‘सर्व स्थितीत उपकार माना’ या आशयाचा बोध थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आहे (५:१८). तेथे मूळ शब्द ‘एन पान्ती’ असे आहेत : सर्व गोष्टींमध्ये, सर्व परिस्थितीच्या आत. इफिसकरांस पत्रात (५:२०) ‘ह्युपेर पान्तोन’, म्हणजे सर्वांबद्दल, असे म्हटले आहे, हेही मी लपवीत नाही. पण तेथे संदर्भ मंडळीने मिळून गीते गाण्याचा आहे, आणि लागलीच पुढच्या वचनात एकमेकांच्या अधीन होण्याची आज्ञा आहे. या वचनांच्या आधारे अन्याय सोसणाऱ्यास ‘उपकार मान आणि गप्प बस’ असे सांगणे हा वचनाचा दुरुपयोग होय. निवासी डॉक्टरांस सलग बारा तासांहून अधिक काम सहसा देऊ नये, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटलेले आहे. प्रत्यक्षात काय चालते ते प्रत्येक निवासी डॉक्टराच्या घरच्यांस ठाऊक आहे. त्याविरुद्ध बोलणे हे कृतघ्नपणाचे लक्षण नव्हे. माझ्या पत्नीबरोबरची एक मुलगी त्या थकव्याने अभ्यासक्रम सोडून गेली. त्या थकव्याबद्दल मी देवाचे उपकार मानीत नाही. त्या थकव्यातही देव जवळ होता, याबद्दल मानतो.

पौल फिलिप्पैकरांस तुरुंगातून लिहितो की, कोणत्याही स्थितीत समाधानी राहण्यास तो शिकला आहे. शिकला आहे, हा शब्द महत्त्वाचा (४:११). ते त्याला जन्मतः येत नव्हते, आणि दमास्कसच्या वाटेवर एका क्षणातही मिळाले नव्हते. पुढच्याच वचनात त्याने ‘मेम्युएमाय’ असे क्रियापद वापरले आहे. ते संपूर्ण नव्या करारात येथे एकदाच आले आहे. ग्रीक लोकांच्या गूढ पंथांत नवागतास दीक्षा देत, त्या विधीचा हा शब्द. तृप्तीची आणि भुकेची, दोहोंची दीक्षा आपणांस मिळाली आहे, असे तो म्हणतो. आमच्या भाषांतरात येथे काय लिहावे यावर बराच खल झाला. पत्नीने सहज विचारले, “आम्हांला वॉर्डात जसे शिकवितात तसे का? पुस्तकात वाचून झाल्यावर रात्रभर रोग्यापाशी उभे करून?” मला वाटते, पौलाच्या मनातील अर्थास हे पुष्कळच जवळचे आहे. वैद्यकीय शिक्षण चालू असलेल्या घरात विद्यार्थी एक नसतो. दुसऱ्याचे नाव कोणत्या महाविद्यालयाच्या पटावर नसते, एवढेच.

आता मंडळीसाठी एक शब्द. उपकारस्तुतीच्या अर्पणाबरोबर तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या चपात्या आणि खमिराच्या भाकरीही आणावयाच्या असत (लेवीय ७:१२-१३). यहुदी लोकांच्या मिश्ना ग्रंथात चार प्रकारांच्या मिळून चाळीस भाकरी सांगितल्या आहेत. त्यांपैकी चार याजकास जात. उरल्या छत्तीस, आणि त्या व बलीचे मांस ही सर्व त्याच दिवशी संपवावयाची! एका कुटुंबास हे शक्य नाही. म्हणजे हे अर्पण आणणाऱ्याने शेजारीपाजारी, आप्त, गोरगरीब यांना पानावर बोलावलेच पाहिजे, अशीच ही रचना आहे. एकट्याने खावयाचे ते अर्पणच नव्हे.

आपल्या मंडळीत, मग ती नागपुरास असो, बडोद्यास, इंदुरास, बंगलोरला वा दिल्लीस असो, अशी एक तरुण पत्नी किंवा एक तरुण पती असेल, ज्याचा जोडीदार रविवारी ड्युटीवर असतो. तो किंवा ती मागच्या बाकावर लेकराला घेऊन बसते व शेवटचा आशीर्वाद होताच निघून जाते. “डॉक्टरसाहेब आज दिसले नाहीत?” असे विचारण्याची आपली पद्धत आहे. या प्रश्नाने त्या व्यक्तीच्या मनात काय होते ते मी तीन वर्षे अनुभवले आहे. आम्ही ज्या मंडळीत जात असू, तेथील एक वृद्ध पंजाबी भगिनी मात्र मला पत्नीविषयी कधी विचारीत नसत. उपासना संपली की त्या माझ्या मुलीचा हात धरीत आणि म्हणत, “चलो बेटा, रोटी ठंडी हो रही है.” मी त्यांच्या घरी किती रविवार जेवलो, याची नोंद मी कोठेही ठेवलेली नाही. पत्नीचा डबा त्या निराळा बांधून देत, आणि तो मी वॉर्डाच्या दाराशी नेऊन देत असे.